विज्ञानाचे जुने कागद शोधायचे कसे: विजयदुर्गचा हेलियम, कुलाब्याची रजिस्टरं, नागपूरचे दगड

दरवर्षी 18 ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सअॅपवर तो फॉरवर्ड येतोच. हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, 1868 च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ तिथे दुर्बीण लावून बसला होता, 'साहेबाचे ओटे' आजही आहेत वगैरे वगैरे. ओटे आहेत, जाऊन बघा, छान जागा आहे. पण लॉकियर त्या दिवशी तिथे होता का हे तपासायला कुणी जात नाही, आणि गंमत म्हणजे ते घरबसल्या, फुकट, एका संध्याकाळीत तपासता येतं. भूगर्भशास्त्र, हवामान, खगोल, भौतिकशास्त्र या सगळ्या विषयांचे दीडदोनशे वर्षांचे कागद कुठल्या ना कुठल्या लायब्ररीत, अर्काइव्हमध्ये पडलेत आणि त्यातले बरेच आता स्कॅन पण झालेत, फक्त शोधायचे कसे हे आपल्याला कॉलेजात कुणी शिकवत नाही, एमएस्सीला पण नाही. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक सवय मोडा, विषयाने शोधायची. गूगलमुळे आपल्याला लागलेली सवय आहे ती, विषय टाकला की उत्तर. छापील पुस्तकांच्या लायब्ररीत ती थोडीफार चालते कारण तिथे पुस्तकं विषयवार लावलेली असतात. अर्काइव्हमध्ये अजिबात चालत नाही. तिथे कागद ज्याने तयार केले त्याच्या नावाने एकत्र ठेवतात, आणि त्याने ज्या क्रमाने ठेवले होते शक्यतो त्याच क्रमाने. आपल्याकडे घरातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं ना, तसं इथे प्रत्येक गठ्ठ्यावर कर्त्याचं नाव असतं, आत काय शिजलं ते लिहिलेलं नसतं. त्यामुळे 'विजयदुर्ग हेलियम' असा शोध घेऊन काही मिळणार नाही. प्रश्न असा विचारायचा: हा कागद कुणी केला असेल, कुणाला पाठवला असेल, आणि त्या माणसाचं किंवा ऑफिसचं पुढे काय झालं? एवढं कळलं की अर्धं काम झालं, खरंच.

आता विजयदुर्गच करून बघू. 1868 ला इंग्रज शास्त्रज्ञाने काही बघितलं तर तो कुणाला कळवणार? रॉयल सोसायटीला नाहीतर रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला. (नेचर मासिकात बघू म्हणाल तर ते 1869 च्या नोव्हेंबरात सुरू झालं, तेही याच लॉकियरने काढलं.) रॉयल सोसायटीच्या जर्नलच्या साइटवर जुने अंक फुकट उघडतात. तिथे लेखक लॉकियर आणि साल 1868 एवढंच टाका. प्रोसीडिंग्जच्या 17 व्या खंडात त्याचं छोटंसं टिपण सापडतं, तारीख 20 ऑक्टोबर 1868, आणि त्यात तो सांगतोय की ग्रहण नसताना, इंग्लंडमध्ये बसून, स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) लावून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट मला दिसला. म्हणजे ऑगस्टच्या ग्रहणाशी त्याचा काही संबंधच नाही, त्याच्या कामाचं वैशिष्ट्य हेच की ग्रहणाची वाट बघायची गरज उरली नाही. ग्रहणाला भारतात होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तो होता आंध्रातल्या गुंटूरला. त्याचं पत्र आणि लॉकियरची बातमी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली, 26 ऑक्टोबर 1868 ला. ते बघायचं असेल तर अकादमीचे अंक, कोंत रांद्यू, हे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका साइटवर आहेत, फ्रेंच येत नसेल तरी तारीख आणि 'गुंटूर' शब्द ओळखता येतो, बाकीचं मशीन ट्रान्सलेशनला टाका. आणि सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, ती कुणाची यावरची चर्चा त्यानंतर कितीतरी वर्षं चालली, पृथ्वीवर हेलियम हातात आला तो 1895 ला विल्यम रॅम्झेच्या.

मग ओटे कुठून आले? इथे स्पेलिंग कामाला येतं. जुन्या कागदांत विजयदुर्ग हे व्ही-आय-झेड-आय-ए-डी-आर-यू-जी असं लिहिलंय. तेच स्पेलिंग टाकून रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये शोधलं की 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाचा रिपोर्ट निघतो, लॉकियरचाच, विजयदुर्गहून, मेलपोमीन नावाच्या आरमारी जहाजावरची माणसं मदतीला. म्हणजे साहेब आला होता, पण तीस वर्षांनी आला होता. ओट्यांचं नातं लॉकियरशी असेल तर ते 1898 चं. फॉरवर्डमध्ये दोन ग्रहणं एकात मिसळली गेलीयत. आणखी खोलात जायचं असेल, त्याच्या वह्या, पत्रं वगैरे, तर त्याचे कागद इंग्लंडात एक्सेटर विद्यापीठाच्या स्पेशल कलेक्शन्समध्ये आहेत. देवगड तालुक्यात विचारून उपयोग नाही.

असाच प्रकार जेऊरचा. त्याच 1898 च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला दोन मोठे कॅम्प पडले होते. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचा, कावसजी दादाभाई नेगमवाला यांचा. दुसरा अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा, कॅम्पबेलचा. नेगमवालांचा रिपोर्ट 1902 ला छापला गेला, आडनावाचं स्पेलिंग एन-ए-ई-जी-ए-एम-व्ही-ए-एल-ए, त्यातला पहिला 'ए'नंतरचा 'ई' विसरलात तर कॅटलॉग शून्य रिझल्ट दाखवेल. लिकचे जुने कागद कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात मेरी ली शेन अर्काइव्हजमध्ये. आणि पुण्याची ती वेधशाळा 1912 ला बंद झाली, तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली, कोडाईकनाल पुढे बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेलं, त्यामुळे पुण्याच्या दुर्बिणीचा माग काढायचा तर पहिला ईमेल बेंगळुरूला. त्या संस्थेची अर्काइव्ह चांगली आहे, ऑनलाइन रिपॉझिटरी पण आहे, आणि कोडाईकनालच्या सूर्याच्या शंभर वर्षांच्या काचेच्या प्लेटा त्यांनी स्कॅन करून ठेवल्यात.

हे झालं माणसांच्या मागे जाणं. आता डेटा, म्हणजे नुसते आकडे, ते वेगळं प्रकरण आहे आणि माझ्या मते जास्त मजेशीर.

कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, ईस्ट इंडिया कंपनीने काढलेली. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली. कशी, तर लोहचुंबक टांगलेला, त्याची हालचाल दुर्बिणीतून पट्टीवरच्या आकड्यात वाचायची, आणि रजिस्टरात लिहायची, तासामागून तास, रात्रपाळी सकट. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडात कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर एक झगझगीत भडका बघितला आणि साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आजवरचं सगळ्यात गाजलेलं सौर वादळ, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवून टाकणारं सूर्याकडचं वादळ, आदळलं. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी यंत्रांची नोंद कागदाबाहेर गेली. कुलाब्यात माणूस डोळ्याने वाचत होता, सुई जास्त हलायला लागली की वाचन जवळजवळ घ्यायचं अशी पद्धत होती, त्यामुळे आकडे राहिले. ते आकडे दीड शतक पडून होते. 2003 ला पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लखिना आणि अॅलेक्स, सोबत परदेशातले सुरुतानी आणि गोन्झालेझ, यांनी तेच रजिस्टर वापरून पेपर लिहिला आणि जगाला कळलं की आडवं चुंबकीय क्षेत्र त्या दिवशी मुंबईत सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) पडलं होतं. तुलनेसाठी सांगतो, 1989 च्या मार्चमध्ये कॅनडात क्युबेकची वीज गेली त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे 589 नॅनोटेस्ला होता. आता या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका हां, एक एका ठिकाणचं क्षणाचं वाचन आहे आणि दुसरा अनेक ठिकाणांची तासाभराची सरासरी, कुलाब्याच्या आकड्याची तासाची सरासरी काढली तर तोही जवळपास निम्म्यावर येतो, यावर शास्त्रज्ञांची बरीच वादावादी झालीय. पण वादावादी करायला रजिस्टर होतं म्हणून झाली.

हे आकडे तुम्हाला बघायचे असतील तर मार्ग असा. कुलाब्याची मोजणी ट्राम विजेवर जाणार म्हणून (विजेच्या प्रवाहाने चुंबकाचं वाचन बिघडतं) 1904 पासून अलिबागला हलवली, तिथली चुंबकघरं पोरबंदरच्या दगडात बांधलीयत कारण लोखंडाचा अंश चालत नाही. दोन्ही वेधशाळांचा वारसा आता भूचुंबकत्व संस्थेकडे, मुंबईचं जागतिक भूचुंबकीय डेटा सेंटर तेच चालवतात, छापील जुने खंड स्कॅन करून त्यांनी दिलेत. शिवाय कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक मूस यांनी 1910 ला दोन जाडजूड भाग काढले, 1846 ते 1905 चा सगळा डेटा आणि त्यावर चर्चा, ते अर्काइव्ह डॉट ऑर्गवर शोधा. आणि वेधशाळेला पगार कुणी दिले, यंत्रं कधी मागवली, कोण कुणावर वैतागलं हे वाचायचं असेल तर ते डेटात नाही, ते सरकारी पत्रव्यवहारात, म्हणजे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख खातं आहे तिथे. वेधशाळा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती म्हणून. बघा परत तेच, कागद कुणी केला.

जुनी टेबलं वाचताना काही गोष्टी आधीच माहीत करून घ्या, नाहीतर सगळं गणित चुकतं.

वेळ. 1906 च्या आधी भारतीय प्रमाणवेळ नव्हतीच. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या घड्याळापेक्षा 39 मिनिटं मागे, आणि रेल्वे चालायची मद्रास वेळेवर, ती 5 तास 21 मिनिटं. मुंबईत तर 1955 पर्यंत काही ठिकाणी बॉम्बे टाइमच चालू होता. चुंबकीय वेधशाळांमध्ये त्यावर आणखी कहर, त्या काळी जगभरच्या नोंदी एकाच वेळी व्हाव्या म्हणून जर्मनीतल्या गॉटिंगेनची वेळ पाळायची पद्धत होती. त्यामुळे खंडाच्या प्रस्तावनेत कुठली वेळ लिहिलीय ते वाचल्याशिवाय एकही आकडा एक्सेलमध्ये टाकू नका.

तारीख. खगोलवाल्यांचा दिवस 1925 पर्यंत दुपारी 12 ला सुरू व्हायचा. म्हणून 1868 चं ग्रहण जुन्या रिपोर्टांत '17-18 ऑगस्ट' आणि 1898 चं '21-22 जानेवारी' असं लिहिलेलं दिसतं, ग्रहण दोन दिवस चाललं असं नव्हे. पावसाचंही तसंच, हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला संपतो. मुंबईचा 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस हा 27 तारखेच्या सकाळी मोजलेला आहे, टेबलात 27 समोर असेल. आणि त्याच 24 तासांत कुलाब्याला फक्त 73 च्या आसपास, तेव्हा 'मुंबईचा पाऊस' असं न म्हणता स्टेशनचं नाव लिहा.

एककं. इंच, फॅरनहाइट, पाऱ्याचे इंच हे ठीक आहे, करता येतं. चुंबकीय आकडे जुन्या ब्रिटिश एककात असतात, ग्रेन आणि फुटाच्या हिशोबात, किंवा नुसते पट्टीवरचे भाग, मग 'एका भागाला किती' हा गुणक प्रस्तावनेत शोधावा लागतो, आणि तो वर्षागणिक बदलतो.

रिमार्कचा रकाना. लोक आकडे उतरवतात आणि हा सोडून देतात. यंत्र साफ केलं, दोरा बदलला, दिवा विझला, असल्या नोंदी तिथे असतात आणि डेटातला एखादा विचित्र उंचवटा तिथेच सुटतो. रिकामी जागा दिसली तर आधी त्या दिवसाचा वार काढा, रविवार निघाला तर फार डोकं खाजवू नका.

आणि स्कॅनमधल्या टेबलांवर ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा, भरवसा ठेवू नका, 3 चा 8 होतो, 1 गायब होतो. त्यावर साधा उपाय म्हणजे छापील टेबलाखाली बहुतेक वेळा सरासरी दिलेली असते, तुम्ही उतरवलेल्या रकान्याची सरासरी काढायची आणि जुळवायची, नाही जुळली तर चूक तुमची आहे असं धरून चाला, कधीकधी मात्र 1850 च्या कारकुनाची निघते आणि तेव्हा भारी वाटतं.

हवामानाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुण्यातल्या लोकांना घरची लायब्ररी आहे. हवामान खातं 1875 चं, त्याचं मुख्यालय 1928 ला शिमल्याहून पुण्याला आलं, शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यातच आहे, डेटा मागणीचं पोर्टल आहे, विद्यार्थ्यांना वेगळे नियम. खात्याचं मौसम हे जर्नल 1950 पासूनचं, सगळं ऑनलाइन फुकट.

आता दगड. भूगर्भाच्या जुन्या कागदांसाठी आपल्याकडे एकच मोठं घर, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआय, 1851 चं, मुख्य लायब्ररी कोलकात्याला, आणि विदर्भवाल्यांचं नशीब की मध्य विभागाचं ऑफिस नागपूरला सेमिनरी हिल्सवर. त्यांचे दोन प्रकार नीट समजून घ्या. छापील म्हणजे मेमॉयर्स आणि रेकॉर्ड्स. मेमॉयर म्हणजे एका भागावरचा किंवा घटनेवरचा सविस्तर ग्रंथ, रेकॉर्ड्स 1868 पासून निघतात, त्यात छोटे लेख आणि वार्षिक अहवाल. जुन्या पेपरच्या शेवटी तुम्हाला 'ब्लॅनफर्ड, मेम. जी.एस.आय., सहावा खंड, 1869' असं काहीतरी दिसेल, तो तापी-नर्मदा खोऱ्यावरचा. पण हे 'तापी' शोधून सापडणार नाही कारण शीर्षकात ते टी-ए-पी-टी-ई-ई आहे आणि नर्मदा एन-ई-आर-बी-यू-डी-डी-ए आहे. पूना, सत्तारा, नागपोर, खानदेश, प्रत्येकाची दोनतीन जुनी रूपं आहेत, एक कागद घेऊन आधी ती लिहून काढा आणि मग शोधायला बसा. मुंबई बेटावरचा विनचा (डब्ल्यू-वाय-एन-एन-ई) मेमॉयर 1866 चा, 1897 च्या आसाम भूकंपावरचा ओल्डहॅमचा 1899 चा, हे सगळे अर्काइव्ह डॉट ऑर्गवर मिळतात.

एक तक्रार इथे करतोच. स्कॅन करणाऱ्यांनी घडी घातलेले नकाशे घडीतच स्कॅन केलेत. भूगर्भाच्या पुस्तकातला नकाशा म्हणजे त्याचा जीव, आणि तोच बंद. असं झालं तर त्याच खंडाचा दुसऱ्या लायब्ररीचा स्कॅन शोधा, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या साइटवर नकाशे जास्त निगुतीने उलगडलेले सापडतात. नाव जीवशास्त्राचं असलं तरी तिथे जुनी भूगर्भाची जर्नल्स भरपूर आहेत. नागपूरच्या परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर स्टीफन हिस्लॉप आणि हंटर या दोन मिशनऱ्यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात 1855 ला लिहिलेला पेपर असाच फुकट वाचता येतो. हो, तोच हिस्लॉप, कॉलेजवाला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म त्याने गोळा केले, आणि दख्खनचा लाव्हा एका दमात ओतला गेला नाही, मध्ये तळी साचायला वेळ मिळाला, ही गोष्ट त्या गोगलगायी सांगतात. सोसायटीच्या स्वतःच्या साइटवर तोच पेपर पैसे मागेल, म्हणून पैसे भरायच्या आधी नेहमी दुसरीकडे बघा. मुंबई प्रांताच्या भूगर्भावर 1857 ला कार्टरने संपादित केलेला मोठा संग्रह आहे, त्याच्यासाठी आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जुन्या जर्नलसाठी एशियाटिकचंच 'ग्रंथ संजीवनी' पोर्टल बघा.

दुसरा प्रकार न छापलेले रिपोर्ट, आणि खरा खजिना हा. जीएसआयचा माणूस दर फील्ड सीझनला कुठल्यातरी तालुक्यात चालतो, नकाशा रंगवतो आणि प्रगती अहवाल देतो. असे हजारो अहवाल आता त्यांच्या पोर्टलवर आहेत, नकाशांचा डेटा भूकोश नावाच्या साइटवर, रजिस्टर करावं लागतं. शोधायचं गावाच्या नावाने नाही, टोपोशीट नंबराने, म्हणजे सरकारी नकाशाच्या तुकड्याच्या नंबराने. तो नंबर कसा काढायचा हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर पुरतं. जुन्या पद्धतीत देश 4 अंश बाय 4 अंशांच्या चौकोनांत विभागलाय, प्रत्येकाला नंबर. मुंबई, पुणे, कोल्हापूर हे सगळं 47 मध्ये, 72 ते 76 पूर्व आणि 16 ते 20 उत्तर. त्याचे एक-एक अंशाचे 16 तुकडे, ए पासून पी पर्यंत, आणि लक्षात ठेवा, अक्षरं वरून खाली जातात, डावीकडून उजवीकडे नाही. पहिला रकाना ए बी सी डी, दुसरा ई एफ जी एच. पुणे 73.85 पूर्व, 18.52 उत्तर, म्हणजे दुसरा रकाना, वरून दुसरी ओळ, 47 एफ. मग त्या तुकड्याचे परत 16 भाग, 15-15 मिनिटांचे, तेही वरून खाली. पुणे पडतं चौथ्या रकान्यात दुसऱ्या ओळीत, 14. म्हणून 47 एफ/14. आता तुमच्या गावाचा काढा, मोबाइलवर अक्षांश रेखांश मिळतातच. हा नंबर आणि जोडीला 'एफ.एस. 1978-79' अशी सीझनची खूण, एवढ्यावर रिपोर्ट निघतो. गावात विहिरीला पाणी का लागत नाही इथपासून घाटात दरड कुठे येते इथपर्यंत खूप काही या न छापलेल्या रिपोर्टांत आहे, आणि ग्रामपंचायतीत कुणालाच माहीत नसतं.

भौतिकशास्त्रवाल्यांसाठी दोन जागा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सची नील्स बोर लायब्ररी अँड अर्काइव्हज, तिच्या साइटवर शास्त्रज्ञांच्या लांबच लांब मुलाखती लिखित रूपात आहेत, खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांची 1977 ची मुलाखत तिथे वाचा, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनशी झालेल्या वादावर ते स्वतः काय बोलतात ते. त्याच लायब्ररीचा जगभरच्या संग्रहांचा एक कॅटलॉग आहे, कुठल्या शास्त्रज्ञाचे कागद कुठे आहेत हे सांगणारा, कुणाचाही माग काढायची सुरुवात तिथून करा. चंद्रशेखरांचे स्वतःचे कागद मात्र शिकागो विद्यापीठात. दुसरी जागा बेंगळुरू, रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या रिपॉझिटरीत रामन यांचे पेपर, आणि इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्स 1934 पासूनची फुकट. रॉयल सोसायटीने तर जुन्या पेपरांवर रेफरींनी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी, लिहिलेले शेरे पण ऑनलाइन टाकलेत, मोठमोठ्या लोकांनी एकमेकांना काय काय सुनावलंय ते वाचून आपल्या रिजेक्शनचं दुःख जरा कमी होतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर. आधी ईमेल, नुसतं जाऊन उभं राहू नका. ईमेलमध्ये 'मला कुलाबा वेधशाळेबद्दल माहिती हवी' असं लिहिलंत तर कुणी उत्तर देणार नाही, आणि त्यांची चूक नाही. असं लिहा: 'कुलाबा वेधशाळेच्या 1859 च्या छापील चुंबकीय निरीक्षणांच्या खंडातली 28 ऑगस्ट ते 7 सप्टेंबरची आडव्या घटकाची पानं हवीत, तुमच्या कॅटलॉगमध्ये हा खंड अमुक नंबरला दिसतो, ऑनलाइन स्कॅनमध्ये ही पानं अस्पष्ट आहेत, मूळ रजिस्टर तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुणाकडे गेलं हे सांगू शकाल का.' शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर कॅटलॉगमध्ये नसतं, तिथे वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. एका सरकारी लायब्ररीत मला काउंटरवर 'नाही' सांगितलं आणि आत चहाच्या टेबलावर बसलेल्या बाईंनी कपाट नंबर सांगितला. मॅडमना, सरांना, शिपाईकाकांना नमस्कार करून, दोन मिनिटं बोलून मग कामाला लागा.

सोबत ओळखपत्र, कॉलेजचं किंवा गाइडचं पत्र, पेन्सिल. पेन बहुतेक ठिकाणी बाहेर ठेवायला लावतात. हातमोजे मागू नका, सिनेमात दाखवतात तसे जुन्या कागदाला हातमोजे नको असतात, जाड बोटांनी पान फाटतं, स्वच्छ कोरडे हात पुरेत. मोजे लागतात ते फोटो आणि काचेच्या प्लेटांना. एका वेळी एकच फाइल उघडा, पानांचा क्रम बदलू नका, उलटं लागलेलं पान दिसलं तरी स्वतः सरळ करू नका, सांगा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर पहिला फोटो डब्याच्या लेबलचा, दुसरा फाइलच्या कव्हरचा आणि मग आतली पानं, म्हणजे घरी आल्यावर चारशे फोटोंत कुठलं कुठलं हे कळतं. नकाशाचा फोटो काढताना स्केलची पट्टी फ्रेममध्ये घ्या.

संध्याकाळी परत आल्यावर, झोपायच्या आधी, प्रत्येक फोटोच्या फोल्डरला संस्थेचं नाव, संग्रहाचं नाव, डबा, फाइल आणि तारखा या क्रमाने नाव देऊन टाका. आणि जे मागितलं पण मिळालं नाही त्याचीही एक यादी ठेवा, तारखेसकट, 'या खंडात नाही', 'बाइंडिंगला गेलंय', 'कोलकात्याला पाठवलं म्हणतात' असं, कारण पुढच्या लायब्ररीत गेल्यावर तिथला माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो की आधी कुठे कुठे बघून आलात.